बंद लिफ्टची देखभाल

४ मार्च

ती. दादास,
चिमीचा सा. न.

पत्र घरचं, विषय ऑफिसचा. सरकारी इस्पितळातल्या लिफ्टच्या देखभालीचा करार नव्याने करायचा म्हणून माझ्या टेबलावर आलाय. पान उलटलं तरी पहिलं वाक्य संपेना, तेव्हाच ओळखलं, हा तूच लिहिलायस. लिफ्ट चालो न चालो, तुमच्या कंपनीला पैसे द्यायचे. तुमच्याशिवाय कोणी तिला हात लावायचा नाही. आणि यातलं बाहेर कोणाला सांगायचं नाही. पैसे लोकांच्या कराचे, पण लोकांपासून गुपित.

लिफ्ट महिनाभर बंद आहे. आई गुडघ्याच्या व्यायामाला तिसऱ्या मजल्यावर जाते. दोघे वॉर्डबॉय तिला खुर्चीतून वर नेतात. काल अर्ध्या जिन्यात तिने त्यांना कौतुकाने सांगितलं, की माझा मुलगा लिफ्टच्याच कंपनीत वकील आहे. त्यांनी खुर्ची तिथेच खाली ठेवली.

तू माझा भाऊ, हे साहेबांना लेखी कळवलंय. सही तेच करतील. वाचायचं मात्र मलाच, कारण दुसरं कोणी तयार नाही.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी चिमी

११ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने ते मोठ्याने वाचून दाखवलं, मी नको म्हणत असताना.

त्या अटी लिहिल्या तेव्हा वाटलं होतं, समोरचे निम्म्या तरी खोडतील. घासाघिशीसाठीच जास्तीच्या घातल्या होत्या. तुमच्या ऑफिसने सगळ्यांखाली सही केली, वर आभाराचं पत्र पाठवलं. मला बढती मिळाली. तेव्हापासून सगळ्या सरकारी ऑफिसांना तोच नमुना जातो.

कंपनीच्या बाजूने लिहिणं ही माझी नोकरी, लोकांच्या बाजूने वाचणं ही तुझी. मी काही सुचवणार नाही, तूही विचारू नकोस.

आई माझा फोन घेत नाही. तिला जप, आणि माझ्यावर माया असू दे.
तुझा दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

विचारलं नाही, तिन्ही अटी खोडल्या. कालच्या बैठकीत तुझे साहेब म्हणाले, असा करार कुठेच होत नाही. आमच्या साहेबांनी विचारलं, ते आम्हाला कसं कळणार, सांगायची तर सगळ्यांनाच बंदी आहे. मग कंपनी करार सोडेल, असं तुझे साहेब म्हणाले, तेव्हा मात्र आमचे साहेब घाबरले. मी म्हटलं, लिफ्ट आत्ताही बंदच आहे, आणखी किती बंद होईल.

तू सगळा वेळ पेनाचं टोपण न्याहाळत होतास. शर्टाला इस्त्री नव्हती. वहिनी माहेरी गेली आहे का?

उत्तराची आणि लोभाची वाट पाहते.
चिमी

१९ एप्रिल

चि. चिमीस,
अ. उ. आ.

वहिनी घरीच आहे. इस्त्री तिने मुद्दाम केली नव्हती.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, सख्खी बहीण आहे ना, मग घरी समजावता आलं नाही? म्हटलं, घरी तर कधीच जमलं नाही. आठवडाभर त्यांनी करार टेबलावर तसाच ठेवला. मग सही केली. त्याच दिवशी आमचा माणूस गेला आणि लिफ्ट चालू झाली. आईचा फोन आला. जेवलास का, एवढंच विचारलं.

नवा करार तुम्ही इस्पितळाच्या दारात लावलात, तो शेजारच्या गावच्या इस्पितळाने वाचला. आता त्यांनाही तसाच हवाय. त्यांच्यामागून आणखी दोन ऑफिसांची पत्रं आली. नवा नमुना लिहायला साहेबांनी मलाच बसवलं, शिक्षा म्हणून.

दोन पानांत आटोपला. वहिनीला वाचायला दिला, तिला एका दमात कळला. मग मी वाचला. मलाही कळला.

असाच जीव लावत राहा.
दादा