तिउरीच्या गडाचा दगड

कोकेमॅकी, ३ जून १९९१

चि. विल्हो यास औनेताईचे अनेक आशीर्वाद.

सोबतचा गठ्ठा जड आहे. शिव्या दे, पण उघड. आपल्या मासे खारवायच्या पिंपाचं झाकण दाबायचा दगड आहे. आईने तो तिउरीच्या गडावरून आणला, तेव्हा आजोबा किती ओरडले होते! म्हणायचे, गडाचा दगड उचलू नये. आणि आपला गोठा मात्र गडाच्याच दगडांवर उभा!

गावच्या मंडळींबरोबर तू बसने जुन्या घरी निघालाच आहेस, तर हा गडावर ठेवून ये. माझ्या कंबरेला तो प्रवास झेपणार नाही.

चव्वेचाळीसच्या लढाईत गाव सीमेपलीकडे गेलं, ते सोडताना बांधाबांध मी केली. पंधरा वर्षांची होते. इथे येऊन गठ्ठा सोडला, तर शिवणयंत्राऐवजी हा दगड! आई एवढंच म्हणाली, बरं झालं, मासे तरी खारवता येतील. मग डोळे जाईपर्यंत लोकांचे कपडे हाताने शिवत राहिली. तुम्हाला तो विनोद वाटतो. मला अजून तिची बोटं दिसतात.

सांभाळून जा. पायमोजे लोकरीचेच घे.

तुझी,
औनेताई


लाहती, २४ जून १९९१

ती. ताईस विल्होचा नमस्कार. वि. वि.

सीमेवरच्या शिपायाने दगड तीनदा उलटसुलट करून पाहिला. तिथून दगड नेणारे म्हातारे त्याला रोज भेटतात. घेऊन येणारा मी पहिलाच.

गडावर भूर्जाचं रान माजलंय. भिंत कमरेइतकीच उरली आहे, खाली वुओक्सी नदी संथ वाहते. एका खाचेत दगड नीट बसला.

आपल्या घरात झिना नावाची बाई राहते. खिडकीशी आईचं यंत्र होतं, ताई! तिची आई या घरात आली तेव्हा जमीन लख्ख झाडलेली होती, केरसुणी कोपऱ्यात, आणि बाकावर यंत्र. त्याला एप्रन घातलेला, मागे बंदही बांधलेले, लहान मुलाला बांधतात तसे. झिनाने तो जपून ठेवलाय. निळे पट्टे, खिशाला लाल ठिगळ. वाटेत हरवला असं आई सांगायची, तोच.

आठव. आपण गाडीत बसलो, आजी त्या गठ्ठ्यावरच बसली, आणि आई एकटी केर काढायला परत आत गेली. तिने तेव्हाच यंत्र पाहिलं. सामान उपसलं असतं तर चूक कोणाची ते सगळ्यांना कळलं असतं. तिने केर काढला आणि बाहेर आली.

झिना यंत्र परत देत होती. तिच्या मुलींचे लग्नाचे झगे त्यावरच शिवलेत. मी फक्त एप्रन मागितला. सोबत पाठवतोय.

तुझा,
विल्हो


कोकेमॅकी, २ जुलै १९९१

चि. विल्होस आशीर्वाद.

एप्रन पोचला. एक दिवस आईवर खूप रागावले. सत्तेचाळीस वर्षं मी ‘यंत्र बरोबर आणलं असतं तर’ असं म्हणत होते, आणि ही बाई सगळं ठाऊक असून गप्प! मग आठवलं, त्या पहिल्या हिवाळ्यात पिंपाच्या झाकणावर दगड ती मलाच ठेवायला सांगे. वर म्हणे, असा दगड तुझ्याशिवाय कोणी निवडला नसता.

आता अळंबी खारवताना पिंपावर ठेवायला काही नाही. शरदात ये आणि तूच बस. वजन वाढलंय म्हणे.

एप्रनचा एक बंद उसवला होता. हातानेच शिवला. टाके वाकडे आलेत. तसाच बांधून स्वयंपाकाला लागले आहे.

माया आहेच, ती राहू दे.

औनेताई