तिसऱ्या गाण्यातली बाई

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)
सोमवार, दुपार (सगळे बाहेर गेल्यावर)

तीर्थरूप ताईस,

विनयाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात मोकळे आहेत, कारण फोन तांदळाच्या डब्यात ठेवलाय.)

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला कमी झाला का? मी ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर घाबरून अर्धी झालेय (वजन मात्र आहे तेवढंच). फोन सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. अगं, या घरात आता बोलायची सोयच उरली नाही. बोललेलं गाण्यात जातं. ह्यांच्याशीसुद्धा मी खुणेनेच बोलते; काल मीठ मागितलं तर ह्यांनी उठून पंखा लावला.

झालं असं, की आमचा सुरज आणि उन्नतीच्या होणाऱ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ विकी, या दोघांनी मिळून रॅपचा अल्बम काढलाय. दोघं कॉलेजपासूनचे मित्र. (त्यांच्या येण्याजाण्यातूनच उन्नतीचं आणि जितेंद्ररावांचं जमलं, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.) जोडीचं नाव ‘खारपट्टा’ आणि अल्बमचं नाव ‘घरचे काय म्हणतात’. हे नाव ऐकल्यावर तरी मला शंका यायला हवी होती की नाही? पण आईची जात! रेकॉर्डिंग आमच्या बेडरूममधल्या कपाटात झालं. साड्या असल्या की आवाज घुमत नाही म्हणे. माझ्या पैठणीला तोंड लावून पोरगं महिनाभर ओरडत होतं आणि मी बाहेर पोह्यांची बशी घेऊन कौतुकाने उभी.

अल्बम आला आणि जो तो मत द्यायला लागला. हे म्हणाले, सगळं आहे पण चाल कुठाय? तळमजल्यावरचे ऑगस्टीन अंकल (यांनी उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवला) लिफ्टपाशी भेटले. म्हणाले, बेस जरा आवरा, छातीत गोळा येतो. विकी ताल सोडून पळतो, सुरज त्याच्यामागून धावतो. पण तिसऱ्या गाण्यात ती बाई आहे ना, ती तालाला एकदम पक्की. कोण हो ती?

मी म्हटलं, कोण बाई? घरी आले आणि लावलं तिसरं गाणं. ताई, ती बाई मी! आठवतं, गास गावी जितेंद्ररावांच्या आईकडे, हंसाबाईंकडे, आपण बोलणी करायला गेलो होतो? तू तिथूनच चिपळूणची गाडी धरलीस आणि मी घरी पोचल्यावर तुला फोनवर बोलून मेसेज पाठवला होता. ‘वाडीत घडच्या घड लोंबतायत आणि आमच्या हातावर दोन वेलची केळी! आणि ते कालवण! मासा त्यात नुसता आंघोळ करून गेला होता!’ अख्खा मेसेज आहे गं गाण्यात. वर ‘आंघोळ’ तेवढी कापून पुन्हा पुन्हा वाजवलीय. आंघोळ, आंघोळ, आंघोळ करून गेला, आणि मग धाडकन ढोल. (फोन भरलाय, साफ करून देतो, म्हणून सुरजने माझा फोन नेला होता. चांगला साफ केलान!)

गाण्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचू नये, पण वाचल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणतो, पहिली दोन गाणी सोडा, थेट आंटीवर या. दुसरा म्हणतो, विकीचा आवाज नाकातून येतो, आंटीचा पोटातून. एकाने निबंधच लिहिलाय, की साऊंड कच्चा आहे, पण कच्चा आहे म्हणूनच खरा वाटतो, आणि मिक्समध्ये आंटीचा आवाज अजून वर हवा होता. (अजून वर? मेल्या, गासपर्यंत पोचवतोस की काय!) काल भाजीवाल्याकडे उभी होते तर त्याच्या फोनवर मीच चालू. मी पदराने तोंड झाकलं आणि गवार न घेताच घरी आले.

सुरजला म्हटलं, काढून टाक ते. तर म्हणतो, आई, तुला काढलं तर गाणं पडेल, लोक तुझ्याशी कनेक्ट होतायत. आधी पूर्ण अल्बम ऐक तरी. पूर्ण कसला ऐकतेय! तिसऱ्यातच माझा जीव गेला, पुढे जायची छाती कुणाची?

आणि परवा हंसाबाईंचा मेसेज आला. ‘पोरांचं गाणं ऐकलं. पुढच्या रविवारी येते. समक्ष बोलायचं आहे.’ एरवी ही बाई साधं ‘जेवलात का’ विचारतानासुद्धा चार गुलाब आणि दोन हात जोडते. या वेळी काही नाही. नुसता पूर्णविराम. त्या पूर्णविरामाकडे बघून बघून माझी झोप उडालीय. हॉल ठरलाय, पत्रिका छापायला गेल्यात, आणि पोरीचं लग्न मी एका माशापायी मोडलं असं जन्मभर ऐकायचं! उन्नती नुसती माझ्याकडे बघते. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दारावरची बेल वाजली की मी आधी स्वयंपाकघरात पळते.

असो. तब्येतीला जप. भावजींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. देवाला वेगळं काही सांगत नाही, कोण कुठे रेकॉर्ड करत असेल नेम नाही.

तुझीच भेदरलेली,
विनया

ता. क. – आता मुद्द्याचं. आपले आवाज लहानपणापासून सारखे. फोनवर बाबासुद्धा फसायचे. तू रविवारी इथे ये आणि हंसाबाईंना सांग की गाण्यातली बाई तू आहेस. कालवण तुझ्याही ताटात होतं, तेव्हा अगदीच खोटं नाही. तुझ्या दोन्ही मुली उजवल्या, चिपळूण लांब, तुझं कोण काय वाकडं करणार? पाया पडते, पण एवढं कर.

ता. क. २ – हे पत्र ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेतच राहिलं होतं. तेवढ्यात हंसाबाई शुक्रवारीच दारात, बरोबर त्यांची नायगावची बहीण. मी बघते तर हंसाबाईंनाच घाम फुटलेला! ‘पानी द्या जरा,’ म्हणाल्या, आणि पाणी पिऊन, ‘विहीनबाई, सातव्या गान्यातला आवाज माजा नाय हां, हिचा हाय.’ ती बहीण शाळेतल्यासारखी उभी राहिली आणि म्हणाली, हो, माजाच. मी सातवं ऐकलंच नव्हतं. पण घाबरल्या तोंडी काय निघावं, तर ‘आणि तिसऱ्यातला माझ्या ताईचा!’ हंसाबाई म्हणतात, तिसऱ्यात काय हाय? (त्यांनी सातव्याच्या भीतीने बाकीचं काहीच ऐकलं नव्हतं.) मग काय, लावली दोन्ही गाणी. सातव्यात बाई आमच्या घराबद्दल म्हणते, ‘त्यांच्या हॉलपरीस आमचा गोठा मोठा! आनि चहा दिला तो कपात की बाटलीच्या टोपनात?’ मी फोन पालथा घातला. मग हंसाबाई म्हणाल्या, बहिनींना काय पोच नसते. मी म्हटलं, अगदी खरं. चहा मी मोठ्या मगांत दिला. लग्न ठरल्या तारखेला आहे. दोष तुझा आणि त्या नायगावच्या बाईचा ठरलाय, तेव्हा लग्नात जरा जपून वाग.

ता. क. ३ – सातव्या गाण्याखाली लोक लिहायला लागलेत की गोठावाली आंटी तिसऱ्यातल्या आंटीपेक्षा भारी. तुमच्या अख्ख्या आळीला कामाला लाव आणि तिसऱ्याखाली चांगलं लिहायला सांग. चिपळुणात कुणी विचारलंच, तर आवाज विनयाचा आहे असं खुशाल सांग. फक्त गासपर्यंत जाऊ देऊ नकोस.