मोरीतला माणूस

निमगाव केतकी,
ता. १४ मार्च १९३५

प्रिय सलोमी अक्का हिस, धाकट्या शमुवेलचा प्रेमाचा सलाम.

आम्ही इथं खुशाल आहोत. शेळी व्याली, दोन्ही करडं माद्याच, पाटी झाल्या, त्यामुळे तुझी भावजय रूथ दिवसभर गोठ्यात आणि माझं जेवण देवाच्या भरवशावर. बारामतीच्या बोर्डिंगातल्या पोरींना तू अजून करपलेल्या भाकरी वाढतेस का? रागावू नकोस. थट्टा केली की पुढचं लिहायला जरा धीर येतो.

पाण्याची पाळी संपून कालवा बंद झालाय आणि मोऱ्यांतला गाळ काढणं चालू आहे. मोरीच्या तोंडाशी पाणी अडवायचं चाकाचं दार असतं, त्यावर मीच असतो. मोरी म्हणजे रस्त्याखालचा बोगदा. आत माणूस ओणवा सरकतो, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. म्हणून इथली रीत अशी, की आत जाणाऱ्यानं आपला पटका दाराच्या चाकाला बांधायचा. तो स्वतः येऊन सोडीपर्यंत दारावरच्यानं जागा हलायची नाही, आणि वरून पाणी आलंच तर त्याला हाक मारायची. पटका बांधला की जीव दारावरच्याच्या हवाली.

या खेपेला गाळ काढणाऱ्यांत म्हस्कू आलाय.

हो, तोच. तुझा नवरा. तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं, पण मग लिहायला शेळीच उरते. केस पिकलेत, एक पाय ओढतो. जवळ येऊन म्हणाला, "शामू, बरा हायस न्हवं?" मी चाकाला तेल घालत राहिलो. प्रार्थनेला जातेस म्हणून, दिवस भरलेले असताना त्यानं तुला घराबाहेर काढलं. मोरगावच्या वाटेवर बाभळीखाली तुझं मूल गेलं, ते मी माझ्या सदऱ्यात गुंडाळलं. मिसरूडही फुटलं नव्हतं मला. त्याला मी बरा आहे म्हणून सांगू?

काल दुपारी त्यानं पटका बांधला आणि तो आत सरकला. बाकीचे झाडाखाली भाकरी खायला गेले होते. एवढ्यात वरून पाणी आलं. कुणीतरी वरचं दार चुकून उघडलं असावं. पाणी दाराच्या काठापर्यंत चढताना मी पाहत होतो. मला काहीच करायचं नव्हतं, अक्का, फक्त गप्प राहायचं होतं. हाक मारली पण पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू गेली नाही, असं म्हटलं असतं तर कोणी मला एक शब्द विचारला नसता.

मी गप्प राहिलो.

पाणी काठावरून सांडायला लागलं तरी बसून होतो. प्रार्थना केली नाही. रागही आला नव्हता. मला बरं वाटत होतं, आणि त्याचीच आता भीती वाटतेय. मग एकाएकी माझ्या तोंडून निघालं, "दाजी! भायेर या, पानी आलं!" दाजी म्हणालो मी त्याला! तो गळ्याइतक्या पाण्यातून बाहेर आला. मी उडी मारून ओढून काढला.

आता तो सगळ्यांना सांगत फिरतोय, शामूनं वाचवलं. संध्याकाळी गुळाचा खडा घेऊन दारात आला. तो मी रात्री शेळीपुढे टाकला.

आज बाजार म्हणून काम बंद. सकाळीच त्याला गाठून सांगितलं, "मला पानी आधीच दिसलं हुतं. हाक मुद्दाम मारली न्हाय. उद्या दारावर दुसरा मानूस मागा." तो खूप वेळ फावड्याचा चिखल खरवडत राहिला. मग म्हणाला, "तुज्या हातनंच व्हायचं असंल तर व्हऊ दे. माजी तक्रार न्हाय. पर बसायचं तूच."

अक्का, त्यानं तर परवानगीच दिली. मुकादमाकडे पळालो, बदली मागितली. तो म्हणाला, दाराची माहिती दुसऱ्या कुणाला आहे?

प्रभूच्या प्रार्थनेत मोहात पडू न देण्याची ओळ आली की कालपासून माझी जीभ अडते. ती ओळ माझ्यासाठी तू म्हण. त्याच्या जिवासाठी तुलाच सांगतोय, हे कठीण आहे ते कळतंय मला.

उद्या मोठी मोरी आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर ती साफ झालेली असेल. म्हस्कू दाजी तिच्यातून जिवंत बाहेर आला. 'येईल' असं लिहायचं धाडस होत नाही, म्हणून 'आला' असंच लिहितो आणि खाली सही करतो, म्हणजे उद्या मला तुझ्याशी खोटं ठरता येणार नाही.

स्वतःलाच भ्यालेला,
तुझा भाऊ
शमुवेल