आईची वायर

प्रिय रत्नमाला,

गंगापूरहून पहिल्या एसटीनं येऊन तू टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रंक बोर्डावर माझ्या शेजारी बसायचीस, तेव्हाची तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आठवते? एका हातानं खायची, दुसरा हात कॉर्डवर. तोंडात घास, तरी माझं "नंबर प्लीज" कॉन्व्हेंटच्या सिस्टरना ऐकवावं असं स्वच्छ. तू म्हणायचीस, "सुके, तुझं इंग्रजी ऐकून बीडचा व्यापारी तिकडं सदरा सावरून बसत असंल बघ."

तू रागावली आहेस, ठाऊक आहे. दिवाळीपासून तुझा एकही फोन मी घेतलेला नाही. ते सांगतेच, पण आधी माझा प्रताप वाच.

मी सिंथेसायझर घेतलाय. पियानोसारख्या पट्ट्यांचा नव्हे, याला पट्ट्याच नाहीत. लाकडी पेटीत एकेक भाग बसवायचा. एक सूर काढतो, एक तो गाळतो, एक लहानमोठा करतो. ते एकमेकांशी बोलावेत म्हणून मध्ये वायरी जोडायच्या, टोकाला पिन असलेल्या. माझ्या नातीनं, संस्कृतीनं, मोबाइलवर दाखवला तेव्हा माझा हात आपोआप पुढं गेला. अगं, हा तर आपला बोर्ड! शेजारच्या आवडाबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "काय वो बाई, टेलिफोन हापिस परत उघडलं व्हय? लावून द्या की बजाजनगरला, लेकीशी बोलायचंय."

सुरुवातीला एक गंमत झाली. सूर छान लागायचा आणि थोड्या वेळानं माझाच हात वायर उपटायचा. ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली की विचारायचं, वाढवून हवं का, नाहीतर पिन काढायची. हाताची सवय गेलेली नाही. आणि या यंत्राला आठवण नसते. वायर काढली की तो सूर गेला, पुन्हा तसाच सापडत नाही. शिवाय आपला उन्हाळा! दुपारी पेटी तापली की सूर हळूहळू सरकायला लागतो. सरकू दे. मे महिन्यात मी तरी कुठं जागेवर असते?

मग पेटी भरत गेली. सूर काढणारा आणखी एक भाग आला, मग सुराला लाटेसारखं हलवणारा. माझा मुलगा, बुद्धभूषण, वैतागला. "आई, या वयात बायका विपश्यनेला जातात. तू वायरी जोडतेस. विकून टाक ते, नाहीतर मीच काढून नेतो." मी म्हटलं, उभी नोकरी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, त्यात एक शब्द माझा नव्हता. आता माझं मी जोडते. पेटी इथून हलणार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी अगदी खालचा सूर काढणारा भाग मागवला. तो आला तेव्हा बुद्धभूषण कान लावून म्हणाला, "हा तर धड ऐकूच येत नाही." मी म्हटलं, मला येतो.

रत्ने, माझे कान चाललेत. वरचे सूर आधी गेले, आता माणसांची बोलणी जाताहेत. फोनवर तुझा आवाज नुसता वाफेसारखा येतो. नोकरीभर दुसऱ्यांना "जरा मोठ्यानं बोला" म्हटलं, तुला म्हणवेना. म्हणून हे पत्र. पण तो खालचा सूर मी पेटीवर तळहात ठेवून ऐकते, थेट दातांपर्यंत येतो. तो राहील. तू ये, माझ्या हाताशेजारी तुझा हात ठेव. येताना चटणी आण. वरचे सूर काढणारे दोन्ही भाग संस्कृतीला द्यायचे ठरवलंय. निवृत्तीच्या दिवशी एक्स्चेंजमधल्या मुलींनी भेट दिलेला माझा जुना हेडसेट तुला. एक निळी वायर आवडाबाईंना, बजाजनगरला लावायला. पेटी आणि खालचा सूर माझ्याकडे. बुद्धभूषणला फक्त निरोप: आईची वायर आईच काढेल.

तुझीच, शेजारच्या बोर्डावरची,
सुकेशनी