मंगळवार पेठेतील चार्जर देव नसल्याबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. सहायक अभियंता साहेब,
वीज वितरण उपविभाग (जादा भार कक्ष),
कोल्हापूर.

विषय : मोटारीच्या चार्जरसाठी घरगुती वीजभार एक किलोवॅटवरून पाच किलोवॅट करून मिळणेबाबत, तसेच सदर चार्जर हा देव नसल्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ११ ऑगस्ट. २) आपले लाइनमन कृष्णात यांचा पाहणी अहवाल, दि. ३ ऑक्टोबर. ३) आपले पत्र, दि. १७ ऑक्टोबर, ज्यात मला 'देवस्थानचे वहिवाटदार' असे संबोधले आहे.

महोदय,

मी उजैर गैबी मणेर, राहणार मंगळवार पेठ, धंदा बांगड्यांचा. दुकान पुढे, घर मागे आणि बाजूला एक मोटार मावेल एवढी स्वतःच्या मालकीची जागा. आमच्या तीन पिढ्यांत बांगड्यांखेरीज कशाचीही वहिवाट नाही, हे सुरुवातीलाच नम्रपणे नमूद करतो.

१. माझी पत्नी रुबीना गगनबावड्याकडील एका शाळेत शिक्षिका आहे. आमच्या लग्नाला अकरा वर्षे झाली. त्यातली आठ वर्षे ती तिकडे एक खोली भाड्याने घेऊन राहते, शनिवारी दुपारी येते आणि रविवारी संध्याकाळी जाते. सात वर्षांची मुलगी हुस्ना माझ्याजवळ असते. रोज जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर पेट्रोलवर परवडत नाही, म्हणून जूनमध्ये विजेची मोटार घेतली. रुबीनाने रोज रात्री घरी जेवावे, यापलीकडे त्या मोटारीचा काही हेतू नाही. 'हौस दांडगी हाय लोकांची' असा शेरा आपल्या खिडकीवरील बाईंनी मारला होता, तो कृपया रद्द समजावा.

२. मोटारीबरोबर एक वायर आली होती. ती घरच्या प्लगला लावली. फ्रिज चालू होता, पाण्याचा पंप चालू होता, व्हायचे तेच झाले आणि मीटरजवळचा फ्यूज गेला. आपली माणसे तासाभरात आली आणि भार वाढवून योग्य चार्जर बसवल्याखेरीज मोटार घरी लावू नये, अशी लेखी ताकीद देऊन गेली. आपल्या कार्यालयाकडून मला वेळेत मिळालेली ती एकमेव वस्तू होय. पुढे पंधरा दिवस शहराबाहेरच्या चार्जिंग केंद्रावर रांग लावून पाहिली. मी डबा घेऊन तिथे जायचो, हुस्ना मागच्या सीटवर गृहपाठ करायची आणि आम्ही तिघे मोटारीतच जेवायचो. घरी पोचायला साडेदहा व्हायचे आणि पहाटे पाचला रुबीनाला पुन्हा उठायचे. ती आजारी पडली. मोटार दारात ठेवून ती परत खोलीवर राहायला गेली.

३. आता चार्जर निवडण्याबाबत. आपल्या पहिल्या खिडकीने सांगितले, "आधी चार्जर निवडा, मग भार मागा." दुसऱ्या खिडकीने सांगितले, "आधी भार मंजूर करून घ्या, मग चार्जर निवडा." दोन्ही खिडक्यांत चार फुटांचे अंतर असून पंखा एकच आहे, तरीही मते इतकी स्वतंत्र राहावीत याचे मला कौतुक वाटले. शोरूमवाल्याने अकरा किलोवॅटचा दाखवला, कारण तो सर्वांत महाग होता. माझा मेहुणा साद याचे इचलकरंजीत माग आहेत. तो म्हणाला, "दुल्हेभाई, थ्री फेजच घ्या की! थ्री फेज न्हाय ते काय घर हाय व्हय?" मला घरात माग घालायचे नसल्याने मी स्वतःच हिशेब मांडला. एकशे दहा किलोमीटर, चढ, तिकडचा पाऊस, अखंड चालणारे वायपर, सगळे धरून अठरा युनिट. रात्री दहाला लावली आणि पहाटे चारला काढली तर भिंतीवरचा सव्वातीन किलोवॅटचा साधा चार्जर पुरतो. तोच घेतला. नोंदणीकृत वायरमनकडून वेगळे अर्थिंग करून घेतले आणि पेटी बाहेरच्या भिंतीला बसवली. वीजभार सोडून बाकी सर्व तयार आहे.

४. यानंतर खंडेनवमी आली. आमच्या शेजारी बायडाबाई राहतात. वय सत्तर, शिलाईचे काम करतात. दरवर्षी त्या आपल्या शिलाई मशीनची पूजा करतात आणि हार उरले की गल्लीतल्या प्रत्येक यंत्राला घालतात. माझ्या दुकानाच्या शटरलाही घालतात, मी त्यांना डझनभर बांगड्या भरतो, हे आम्हा दोघांत वडिलांच्या वेळेपासून चालू आहे. यंदा भिंतीवर नवीन पेटी दिसली. त्यांनी प्रेमाने तिला हळदीकुंकू लावले, झेंडूचा असा भरघोस हार घातला की पेटी दिसेनाशी झाली, आणि खाली नारळ ठेवला. त्यात त्यांची चूक नाही आणि मला तक्रारही नाही.

दोनच दिवसांनी कृष्णात पाहणीस आले. मी दुकानात एका बाईंच्या हातात बांगडी भरत होतो. बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर असताना मणेराला उठता येत नाही. उठला तर बांगडी फुटते आणि हात कापतो. मी आतून ओरडलो, "आलो की, पावणं, थांबा!" तेवढ्या वेळात कृष्णातांनी चपला काढल्या, पेटीला हात जोडले, अहवाल लिहिला आणि निघून गेले. अहवाल असा : "जागेवर चार्जर आढळून आला नाही. भिंतीस देवस्थान असून ताजी पूजा आहे. तेथे वायरिंगचे काम करणे उचित नाही."

५. यावर आपण कोणतीही घाई न करता दोन आठवडे विचार केलात आणि मला देवस्थानच्या व्यवस्थापनाचे ना-हरकत पत्र मागितलेत. व्यवस्थापन म्हणजे कोण, हे विचारायला मी आलो, तेव्हा कळले की कागदोपत्री मीच. मी लगेच माझी हरकत नसल्याचे लिहून दिले. आपण ते 'स्वतःच स्वतःला दिलेले' म्हणून परत केलेत. मग मी देवस्थान नसल्याचा दाखला आणायला दुसऱ्या एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावले की असलेल्या देवळाचा दाखला मिळतो, नसलेल्याचा नमुनाच छापलेला नाही. देवस्थान आहे असा आधी अर्ज करावा, चौकशी होईल, नाही निघाले तर तसे लिहून देऊ; अंदाजे दीड वर्ष. दरम्यान आपल्या पत्रावरचा गोल शिक्का पाहून गल्लीतल्या दोघांचा खरोखरच विश्वास बसला असून गेल्या सोमवारी पेटीखाली उदबत्ती आढळली. याचे श्रेय सर्वस्वी आपल्या कार्यालयास जाते.

६. शेवटचा उपाय म्हणून बायडाबाईंचा जबाब त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला. तो असा : "म्या पूजा केली ती मिशनीची, देवाची न्हाय. आमच्यात मिशनीला बी हार घालत्यात की. सायबांच्या हापिसात बी घालत असतील. उजैरची बायकू घरला येत न्हाय त्या डब्यापायी, ह्ये मला ठावं असतं तर म्या हात बी लावला नसता." हे सांगताना त्या रडल्या. आपल्या दुसऱ्या खिडकीने तो जबाब वाचून, देव आहे की नाही हे ठरवण्यास सदर महिला सक्षम नाही, असे तोंडी कळवले. खिडकी स्वतः सक्षम आहे काय, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

७. रुबीनाला शाळेजवळ क्वार्टर मिळते आहे. ती हवी की नको, हे २९ नोव्हेंबरपर्यंत लिहून द्यायचे आहे. घेतली की तीन वर्षे सोडता येत नाही. भाड्याच्या खोलीत मुलीची सोय नव्हती. क्वार्टरमध्ये आहे. त्यामुळे हुस्नाही तिकडे जाईल, आणि जावे. मुलीला आई पाहिजे, माझा त्यावर वाद नाही. साहेब, वर बरेच टोचून बोललो. इथे मला तसले काही सुचत नाही. मला भीती वाटते.

फॉर्म भरून ठेवला आहे, सही तेवढी बाकी आहे. रोज संध्याकाळी रुबीना फोनवर विचारते, "करू का सही?" गेले बारा दिवस मी तिला "थांब" म्हणतो आहे. तरी २९ तारखेच्या आत भार मंजूर करावा. तो द्यायचाच नसेल तर तसे एका ओळीत लिहून शिक्का मारावा. ते पत्र घेऊन मी कुठेही दाद मागणार नाही, पेपरात देणार नाही. तिला फोन करून "कर" एवढेच म्हणेन.

आपला, अद्याप एकच किलोवॅटचा ग्राहक,

(सही)
उजैर गैबी मणेर
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत :
१) आपली लेखी ताकीद.
२) चार्जरचे बिल, अर्थिंगचा दाखला व पेटीचे दोन फोटो (हारासह आणि हाराविना).
३) बायडाबाईंचा जबाब, अंगठ्यासह.
४) क्वार्टरचा फॉर्म, झेरॉक्स. मूळ रुबीनाकडे आहे.