ओकचं पिंप आणि बंद पडलेलं नाक

प्रिय आप्पा,

सव्वातीन वाजलेत. चार वाजता बाटल्या भरायला सुरुवात होईल, आणि त्याआधी मला कुणाशी तरी बोलायचंय. आईशी बोलायला गेले तर ती आधी रडत बसेल. म्हणून तुम्हाला लिहितेय. इतक्या घाईत लिहितेय की अक्षर लागायचं नाही, पण तुम्हाला माझं अक्षर लागलं होतं तरी कधी!

आज सकाळी मी खोटं बोलले, आप्पा. एक घोट घेऊन, सगळ्यांच्या देखत.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. आता मी बिअर बनवते. हसू नका! इथेच नागावात, सुपारीच्या एका जुन्या गोदामात. मेघाताई म्हणून मुंबईहून आलेल्या बाई आहेत, त्यांनी रीतसर परवाना काढून हा छोटा कारखाना टाकलाय. "माडीवाल्याची लेक आहे, हिच्या जिभेला फसवून दाखवा," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मला लाजल्यासारखं व्हायचं, आणि खरं सांगू? आवडायचंसुद्धा.

यंदा आम्ही फ्रान्सच्या शेतकऱ्यांची बिअर केली. तिथे उत्तरेकडे ती थंडीत करून ठेवायचे आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांना द्यायचे. आमची तर आंबवलीसुद्धा ओकच्या लाकडी पिंपात. आई म्हणाली, "ओक? नाव तरी बरं शोधायचं गो!" तिला काय सांगणार, त्या एका पिंपापायी मी आपल्या दमट हवेशी किती महिने भांडले ते. लाकडाला बुरशी धरली की आतला सगळा माल वाया जातो, आणि ते कळतं फक्त वासावरून.

आणि मला वास येत नाही.

गणपतीनंतर ताप आला होता. ताप गेला तो नाक घेऊनच गेला. आंबट, खारट, कडू, गोड एवढं जिभेला कळतं, त्यापुढे सगळं कोरं. शेजारी सुके बोंबील भाजले तरी मला पत्ता नाही! डॉक्टर म्हणतात येईल परत, धीर धरा. कधी येईल ते मात्र सांगत नाहीत. मी कुणालाच बोलले नाही. नाक नसलेल्या बाईला बिअरच्या कारखान्यात कोण ठेवणार? चाखायची वेळ आली की मी मेघाताईंच्या तोंडाकडे बघायची आणि त्यावरून बोलायची. नेहमीचाच माल होता, तोवर खपून गेलं.

मागच्या आठवड्यात गॅसची कळ अर्धवट उघडी राहिली होती. मी ओट्याशीच उभी होते, काडेपेटी शोधत. आई मागच्या दारातून ओरडत आली, "वास न्हाय येत व्हय गो तुला? घर पेटवतीस का?" मी म्हटलं, सर्दी झालीय. त्या दिवसापासून मला काडी ओढायचीसुद्धा भीती वाटते, आप्पा. चहा करायच्या आधी मी तीन-तीनदा कळ तपासते, खिडकी उघडते आणि तरीही डोळे मिटूनच काडी ओढते.

सकाळी पिंपाच्या तोंडाला चाखण्यापुरत्या भोकात ठोकलेला खिळा उपसला. बारीक धार पेल्यात आली, तांबूस, छान निवळलेली. मी पेला फिरवला, नाकाशी धरला, डोळे मिटले. नाटक मला आता चांगलं जमतं. घोट घेतला. थोडा आंबटपणा, मागून लाकडाचा तुरटपणा, जीभ कोरडी झाली. बस. आत बुरशीचा वास होता की ओकच्या लाकडाचा व्हॅनिलासारखा, देव जाणे. मेघाताईंकडे पाहिलं तर त्यांची एक भुवई वर गेलेली. आवडली म्हणून की किळस आली म्हणून? मला कळेना.

"तू सांग," त्या म्हणाल्या. "मला जरा वेगळीच लागतेय, पण अशी बिअर मी कुठे प्यायलेय? तू म्हणशील ते."

"उत्तम झालीय," मी म्हटलं. "आजच भरू या."

कुठून आलं हे माझ्या तोंडात? आणि त्यांनी लगेच विश्वास ठेवला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तुम्ही सकाळी माडावरून उतरलात की पहिले दोन थेंब मुळाशी टाकायचात, मग स्वतः चाखायचात. तोवर वाडीवर आलेला एकही माणूस पेला पुढे करत नसे. एकदा तुम्ही चाखलंत आणि अख्खं मडकं ओतून दिलंत. लोक चिडले. तुम्ही म्हणालात, "मना बरी लागली न्हाय, तर तुमाला कशी देऊ?" किती रुबाब होता तुमचा त्या दिवशी!

पण आप्पा, माडीच्या बाबतीत एवढे खरे असलेले तुम्ही स्वतःबद्दल खोटं का बोललात?

तुम्हाला चक्कर यायची. मी पाहिलं होतं. जायच्या आदल्या दिवशी अर्ध्या माडावर तुम्ही खोडाला मिठी मारून, कपाळ टेकून थांबला होतात. कितीतरी वेळ. पायाने खाच चाचपत होतात आणि ती सापडत नव्हती. खाली आलात तेव्हा ओठ पांढरे. "मना काय झालं न्हाय. आयेला सांगू नको," म्हणालात. मी नाही सांगितलं. तुम्ही रागवाल म्हणून नाही. माझे आप्पा माडाला घाबरले, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा चढलात.

हे मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही. माझा राग आहे तुमच्यावर, आणि त्याहून जास्त माझ्यावर.

मला फार भीती वाटतेय. नोकरी जाईल म्हणून वाटते. नाक कधी आलंच नाही तर, म्हणून वाटते. आणि सगळ्यात जास्त या गोष्टीची वाटते की "उत्तम झालीय" म्हणताना माझा आवाज अगदी तुमच्यासारखा निघाला, "मना काय झालं न्हाय" म्हणतानाचा.

चाराला पाच कमी आहेत. बाटल्यांचे क्रेट ओढल्याचा आवाज येतोय. मी वचन देते, आप्पा, हा कागद घडी घालून खिशात टाकते आणि आत जाऊन मेघाताईंना सगळ्यांसमोर सांगते की मला वास येत नाही, पिंप उघडू नका, आधी नाक असलेल्या कुणाला तरी चाखू द्या. भीती वाटली तर वाटू दे. मी जमिनीवर उभी आहे. आणि मग घरी जाऊन आईला सांगते, त्या दिवशी मी काय पाहिलं होतं ते.

तुमची,
सुली