निवृत्तीची बातमी आईला

ती. दादा,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण उजवा गुडघा जमिनीला टेकला की परत वर येईलच असं नाही, म्हणून उभ्याउभ्याच घालते. तुझी पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का?

मी टेनिस सोडल्याचं तुला टीव्हीवरून कळलं, त्याबद्दल रागावू नकोस. आणि तू आईजवळ काही बोलला नाहीस, त्याबद्दल उपकार. त्याच आठवड्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, टीव्ही बंद, पेपर बंद. (मी तो आठवडा मुद्दाम निवडला असं तू म्हणशील. म्हण.) एकोणीस वर्षं खेळले, दोन मोठी अजिंक्यपदं मिळवली, मॅच पॉइंटला हात कधी कापला नाही. पण जिने मला रॅकेट धरायला शिकवली, जी प्रत्येक स्पर्धेत तिसऱ्या रांगेत बसायची आणि मी डबल फॉल्ट केला की काही न बोलता नुसता चष्मा पुसायची, तिला 'आता बास' एवढं सांगायची माझी छाती होईना.

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती काळा चष्मा लावून, गळ्यात शिट्टी अडकवून माझ्या दारात हजर. मी मुकाट्याने बूट चढवले. असे अकरा दिवस गेले. ती टोपलीतून चेंडू टाकायची, मी लंगडत मारायचे. रोज ठरवायचे, टोपली संपली की सांगायचं; आणि टोपली संपली की ती म्हणायची, गोळा कर. क्लबच्या माळ्याला सगळं ठाऊक होतं. एकदा तो अभिनंदन करायला हसतमुखाने पुढे आला, तेव्हा मी त्याच्या पायाशी असा काही चेंडू मारला की बिचारा झारी टाकून पळाला. (त्याची माफी मागितली आहे. झारीही नवी दिली.)

बाराव्या दिवशी बॅकहँडला वळले आणि गुडघ्याने दगा दिला. मी मातीतच बसले. आई नेटला वळसा घालून आली, शेजारी बसली, गुडघ्यावर हात ठेवला.

"आई, मी खेळ सोडलाय. तीन आठवडे झाले."

"माहितीये," ती म्हणाली. "हॉस्पिटलात नर्सने वाचून दाखवलं."

"मग मला रोज इथे का आणतेस?"

तिने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "सकाळी उठून दुसरं काय करायचं असतं, ते मला कुठे माहितीये?"

दादा, ते मलाही माहीत नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. माळ्याने पाणी आणून लांबच ठेवलं.

बाकी सर्व ठीक. वहिनींना सांग, खोकला अंगावर काढू नका.

तुझी,
चिमणी

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. शनिवारी आई तुमच्याकडे राहायला येतेय. डोळ्यांना विश्रांती, असं कारण दिलंय. पण तुझी लेक चेंडू कुठल्या हाताने फेकते, हे तिने मला दोनदा विचारलं. पोरीला पोहायला घाल, गाण्याला घाल, काहीच जमलं नाही तर तिच्या हाताला खोटं प्लॅस्टर घाल, पण आईच्या तावडीत सापडू देऊ नकोस.

ता. क. २ : शनिवारी मीही येतेय. पोरीच्या मापाची रॅकेट कालच आणली. आईला बोलू नकोस. पोरीला मीच शिकवणार आहे.